इंग्रजीतले जुळे शब्द आणि व्याकरणाचे आठ खण: थोडी पार्श्वभूमी

दादर स्टेशनच्या बाहेर पडलं की बँकिंगचे, एमपीएससीचे, स्पोकन इंग्लिशचे क्लास सुरू होतात आणि बहुतेक सगळ्यांच्या नोट्समध्ये एक ठरलेलं पान असतं, हमखास चुकणाऱ्या शब्दांचं. अफेक्ट-इफेक्ट, ॲडव्हाइस-ॲडव्हाइज, लूज-लूझ, दोन प्रिन्सिपल, दोन स्टेशनरी, तीन देअर. पोरं पाठ करतात, परीक्षेत एखाद-दोन मार्क पदरात पाडून घेतात आणि महिन्याभरात परत येरे माझ्या मागल्या. माझं मत विचाराल तर ह्यात पोरांचा दोष फार कमी आहे, कारण ही यादी कुणी बसून विचार करून बनवलेलीच नाहीये, चार-पाचशे वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या हौसेने जे उद्योग केले त्यातून ती साठत गेलीये, आणि ती समजावताना सर ज्या नाऊन, व्हर्ब, पॅसिव्ह वगैरे संज्ञा फळ्यावर लिहितात त्यांची हकीकत तर अजून भारी आहे कारण त्यात आपल्या मुंबईचाही हात आहे.

आधी स्पेलिंगचं बघू. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, चर्चमध्ये लॅटिन होतीच, त्यामुळे एकाच भाषेत तीन घरचे शब्द राहायला लागले. पण तोपर्यंत स्पेलिंगचा ताप नव्हता, जो तो कानाला येईल तसं लिहायचा. खरी गंमत झाली छपाई आल्यावर. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला आणि नेमकं त्याच काळात लोकांचे स्वर बदलत होते, साधारण १४०० ते १७०० ह्या तीनेक शतकांत इंग्रजीतले लांब स्वर सगळेच्या सगळे जागेवरून हलले. म्हणजे तोंडातली भाषा धावतेय आणि छापखान्यात अक्षरांचे खिळे घट्ट बसतायत. नाइट म्हणजे सरदार, ह्या शब्दाच्या सुरुवातीचा 'के' तेव्हा खरोखर उच्चारला जायचा, तो तोंडातून गेला पण कागदावर राहिला. घोस्टमधला 'एच' तर छापखान्याची देणगी आहे, खिळे जुळवणाऱ्यांच्या हाताला फ्लेमिश वळण होतं, त्यांनी तो बसवला आणि तो बसलाच.

आपल्याकडे असं झालं नाही का, तर झालं होतं. जुनी मराठी पुस्तकं उघडा, नांव, कांहीं, घरांत, सगळीकडे डोक्यावर टिंबं, आणि त्यातली कितीतरी कुणी उच्चारत नव्हतं. पण आपल्याकडे साहित्य महामंडळ होतं, १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार सरळ काढून टाकले, विषय संपला. (ऱ्हस्व-दीर्घाचा संपला नाही, तो वेगळा वाद.) इंग्रजीला असं महामंडळच नाही. कधीच नव्हतं. त्यामुळे जे चिकटलं ते चिकटलं.

उलट विद्वानांनी भरच घातली. सोळाव्या शतकाच्या आसपास लॅटिनचं इतकं वेड होतं की साध्या शब्दांनाही लॅटिन घराण्याचे दागिने घालायची टूम निघाली. डेट म्हणजे कर्ज, तो फ्रेंचमधून 'बी'शिवाय आला होता, ह्यांनी लॅटिन डेबिटम आठवून मध्ये 'बी' घुसवला. आयलंडमधला 'एस' तर चुकीच्या नात्याने आला, शब्द मूळचा अस्सल इंग्रजी, पण लोकांना वाटलं हा लॅटिन इन्सुलाचा पोरगा, घाला 'एस'. आज आपली मुलं जे 'सायलेंट लेटर' म्हणून घोकतात त्यातली बरीच अशी मुद्दाम आणून बसवलेली आहेत, आणि हे कळलं की राग येतो खरा.

जुळ्या शब्दांचंही तसंच, बहुतेक जोड्या एकाच आईच्या पोटच्या. प्रिन्सिपल, शाळेचा आणि तत्त्ववाला, दोन्ही लॅटिन प्रिन्सेप्सच्या घराण्यातले, फक्त तत्त्ववाल्याला फ्रेंचमध्ये शेवटी 'एल' नव्हताच, इंग्रजीत आल्यावर दुसऱ्याचं बघून लावला आणि मग दोघं इतके सारखे झाले की 'पी-ए-एल' की 'पी-एल-ई' ह्यावर पिढ्यान् पिढ्या मार खात आल्या. कॉम्प्लिमेंट आणि कॉम्प्लेमेंट, एकच लॅटिन शब्द, पूरकवाला सरळ आला आणि कौतुकवाला इटली-स्पेन फिरून सतराव्या शतकात पोचला. अफेक्ट आणि इफेक्ट दोघांच्या पोटात लॅटिनचं 'करणे' हे एकच क्रियापद.

ह्यात मला सगळ्यात आवडते ती स्टेशनरी. मध्ययुगात पुस्तकं विकणारे दोन प्रकारचे, एक गावोगाव हिंडणारे फेरीवाले आणि दुसरे विद्यापीठांच्या जवळ ठिय्या मांडून बसलेले. ठिय्यावाला तो स्टेशनर, म्हणजे एका जागी स्थिर असलेला. तो कागद-शाई पण ठेवायचा म्हणून त्याचा माल स्टेशनरी. म्हणजे अब्दुल रेहमान स्ट्रीटवर वह्यांचे गठ्ठे लावून बसलेला होलसेलवाला दोन्ही स्पेलिंगने स्टेशनरीच आहे, आणि मराठीत लिहिताना तर फरकच उरत नाही.

देवनागरीत हे असं बऱ्याच ठिकाणी होतं बरं का. साइट म्हणजे बांधकामाची, नजरेची की दाखला देण्याची, आपल्याला एकच साइट. म्हणून आपला गोंधळ आणि गोऱ्या माणसाचा गोंधळ एक नाही. तो कानाने भाषा शिकतो आणि लिहिताना घसरतो, आपण डोळ्याने शिकतो आणि बोलताना घसरतो. त्याचा तीन देअरमध्ये गोंधळ होतो (त्यातला 'त्यांचा'वाला देअर तर मुळात इंग्रजीही नाही, स्कँडिनेव्हियन लोकांकडून आलेला), आपला वेस्ट म्हणजे पश्चिम, वाया आणि बनियन ह्यात होतो.

इट्सची भानगड थोडक्यात सांगतो. 'त्याचा' ह्या अर्थाचा, चिन्ह नसलेला इट्स हा शब्दच अगदी नवा, सोळाव्या शतकाच्या शेवटी दिसायला लागला. त्याच्या आधी निर्जीव वस्तूलासुद्धा 'हिज' चालायचं. १६११ च्या राजा जेम्सच्या बायबलच्या मूळ छपाईत इट्स नाहीच. आणि आला तेव्हा लोक त्याला बिनदिक्कत ॲपॉस्ट्रॉफी लावायचे, १८०० च्या आसपासपर्यंत, चांगले शिकलेले लोक. आज तेच केलं की लाल गोल.

आता लाल गोल मारणारे कोण? 'आय शॅल, यू विल' हा शाळेतला नियम जॉन वॉलिसने १६५३ मध्ये मांडला, हा मूळचा गणितज्ञ, अनंताची ती आडवी आठाची खूण पण ह्याचीच, आणि इंग्रजीचं व्याकरण त्याने लिहिलं लॅटिनमध्ये! वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको ही कुरकुर कवी ड्रायडनने १६७२ मध्ये केली. लेस आणि फ्यूअर ह्यातला फरक १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या माणसाने 'मला हे जास्त बरं वाटतं' इतक्याच सुरात सांगितला होता, त्याचा पुढे लोकांनी कायदा केला. त्याच्याही आधी, १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ, जो नंतर लंडनचा बिशप झाला, त्याचं व्याकरण आलं आणि १७९५ मध्ये लिंडले मरेचं. मरे हा अमेरिकेतला वकील, इंग्लंडमध्ये यॉर्कला येऊन राहिला, तिथल्या एका मुलींच्या शाळेसाठी पुस्तक लिहिलं आणि ते पुढे पन्नास वर्षं जिथे जिथे इंग्रजी शिकवत तिथे तिथे चाललं.

आणि आता आपली एंट्री. 'पार्ट्स ऑफ स्पीच किती?' म्हटलं की पोरगं झोपेत पण आठ म्हणतं. हे आठ येतात अलेक्झांड्रियाच्या ग्रीक व्याकरणातून. रोमन लोकांनी ते उचलले, पण लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही, म्हणजे एक खण रिकामा. आठ मोडायचे कसे, म्हणून त्यांनी उद्गारवाचकाला वेगळं काढून तो खण भरला. इंग्रजांनी आतला माल अजून इकडेतिकडे केला, विशेषण वेगळं काढलं, तरी शेवटी आकडा आठच. संस्कृतात हा हिशोबच निराळा, निरुक्त लिहिणाऱ्या यास्काने चार सांगितले, नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग, निपात म्हणजे अव्ययं, आणि पाणिनीचं तर दोनात भागतं, सुबन्त म्हणजे नामासारखी चालणारी रूपं आणि तिङन्त म्हणजे क्रियापदाची.

मराठीचं सुरुवातीचं एक छापील व्याकरण लिहिलं विल्यम केरी ह्या मिशनऱ्याने, १८०५ साली, तेही तिकडे बंगालात श्रीरामपूरला. मग मुंबईचे दादोबा पांडुरंग तर्खडकर, त्यांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ चं, मराठी माणसाने मराठीत लिहिलेलं. वय बावीसच्या आसपास! लोकांनी त्यांना मराठीचे पाणिनी म्हटलं, पण साचा पाणिनीचा नव्हता, इंग्रजी व्याकरणाचा होता, शब्दांच्या आठ जाती तिथूनच आल्या. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद जमून गेलं. प्रिपोझिशन मात्र नावाप्रमाणे शब्दाच्या आधी बसतं आणि आपल्याकडे ते काम करणारा शब्द नंतर येतो, घरावर, झाडाखाली, त्याला शब्दयोगी अव्यय म्हणून त्याच खणात ठेवलं. (घराणंच भाषेचं, दादोबांचे भाऊ आत्माराम पांडुरंग ह्यांच्याकडे १८७८ मध्ये तरुण रवींद्रनाथ टागोर इंग्रजी सफाईदार व्हावी म्हणून मुंबईत राहिले होते आणि शिकवायला आत्मारामांची मुलगी अन्नपूर्णा. आणि ती भाषांतर पाठमालावाली तर्खडकर मंडळी, ते दादोबा नव्हेत.)

सगळ्यात जास्त घोळ घातलाय तो पॅसिव्ह व्हॉइसने. मराठी शाळेत सांगतात पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. आता 'रामाने आंबा खाल्ला' आणि 'रामाने चिंच खाल्ली' घ्या, क्रियापद कर्माच्या मागे जातंय म्हणून आपल्या व्याकरणात हा कर्मणी प्रयोग. पण इंग्रजीत ह्याचं भाषांतर होतं ते साधं ॲक्टिव्ह, राम एट अ मँगो. इंग्रजीला पाहिजे ते वेगळंच, कर्माला उचलून कर्त्याच्या खुर्चीत बसवा. आपल्याकडे बघतात क्रियापद कुणाचं ऐकतं, तिकडे बघतात खुर्चीत कोण बसलंय. मग हुशार पोरगं विचारतं की सर हे तर आधीच कर्मणी आहे, पॅसिव्ह काय करू, आणि सरांकडे उत्तर नसतं. व्याकरणकारांनाही हे जाणवलं होतं, म्हणून 'रामाकडून रावण मारला गेला' ह्या इंग्रजी वळणाच्या रचनेला 'नवीन कर्मणी' असं नाव द्यावं लागलं. एरवी असं कोण बोलतं? सरकारी पत्रं सोडून.

नंतरचं सगळ्यांना माहितीये, १९३० च्या दशकात रेन आणि मार्टिनचं ग्रामर आलं, ते छापलं मुंबईच्याच के. अँड जे. कूपर ह्या प्रकाशकांनी. रेन म्हणजे हिंदुस्थानात शिक्षण खात्यात नोकरी करून गेलेला पी. सी. रेन, ज्याने फ्रेंच फॉरेन लीजनवर साहसकथा लिहून नाव कमावलं होतं. मराठी शाळांत इंग्रजी बरीच वर्षं पाचवीपासून होती, २००० पासून पहिलीत आली, पुस्तकं रंगीत झाली, पण एक्झरसाइजचा बाज अजून तोच.

त्यात आता फोन. नोआ वेब्स्टरने १८२८ च्या डिक्शनरीत कलरमधला 'यू' वगैरे उडवून अमेरिकेचं स्पेलिंग वेगळं केलं, तिकडे आज लायसन्स नाम असो की क्रियापद, 'एस'च, आणि प्रॅक्टिस दोन्हीकडे 'सी'. आपल्या आरटीओच्या कार्डावर लायसन्स ब्रिटिश पद्धतीने 'सी'वालं छापलेलं असतं आणि फोन अमेरिकन सेटिंगवर असेल तर नेमकं तेच टाइप केलं की खाली लाल रेघ येते. क्लासवाले मात्र ब्रिटिशच धरतात, 'नाऊनला सी, व्हर्बला एस', तेच पान, तीच झेरॉक्स.