प्राझोसिन आणि क्लोनिडिन: लगाम कुठे ओढला जातो?

प्राझोसिन आणि क्लोनिडिन ही दोन्ही रक्तदाब उतरवणारी औषधे आहेत आणि दोन्हींचा संबंध अल्फा रिसेप्टरशी, म्हणजे पेशीवर रासायनिक संदेश टिपणाऱ्या एका प्रकारच्या ग्राहकाशी, सांगितला जातो, त्यामुळे ती एकाच जातीची असावीत असा समज होतो. प्रत्यक्षात प्राझोसिन अल्फा-१ रिसेप्टर अडवते, तर क्लोनिडिन अल्फा-२ रिसेप्टर चेतवते. एक अडवते, दुसरे चेतवते, आणि तरीही धमन्या सैलावतात त्या दोन्हींमुळे.

धमनीच्या भिंतीतील स्नायूंना आकुंचनाचा आदेश अनुकंपी चेतातंतूंकडून, म्हणजे आपोआप चालणाऱ्या चेतासंस्थेच्या तंतूंकडून, मिळतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातून निघालेले संकेत तंतूच्या टोकाशी पोहोचले की तेथून संदेशवाहक रसायन नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटते, ते स्नायूवरील अल्फा-१ रिसेप्टरवर बसते आणि धमनी आवळली जाते. प्राझोसिन आडवे येते ते या शेवटच्या पायरीवर. नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतच राहते, फक्त स्नायू त्याला दाद देत नाही. क्लोनिडिन मात्र उगमापाशी, म्हणजे मेंदूतच, संकेतांचा ओघ कमी करते. शिवाय तंतूच्या टोकावर असलेले अल्फा-२ रिसेप्टर नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या स्रावाला आवर घालतात, त्यांनाही ते चेतवते.

हा भेद पारखण्याची एक साधी रीत आहे. नॉरअ‍ॅड्रेनलिन बाहेरून टोचले, तर प्राझोसिन घेतलेल्या शरीरात रक्तदाब फारसा चढत नाही. क्लोनिडिन घेतलेल्या शरीरात तो चढतो, कारण तेथे स्नायू शाबूत आहे, कमी झाला आहे तो आदेश. प्राझोसिनची अडवणूकही पूर्ण असतेच असे नाही, कारण काही धमन्यांत चेतातंतू नॉरअ‍ॅड्रेनलिनबरोबर एटीपी हे दुसरे संदेशवाहक रसायनही सोडतात आणि त्याने होणाऱ्या आकुंचनाला प्राझोसिन रोखू शकत नाही.

क्लोनिडिनची एक विसंगती तर पाठ्यपुस्तकात वाचतानाही चक्रावून टाकते. ते शिरेतून वेगाने दिल्यास रक्तदाब आधी थोडा वेळ चढतो आणि मग उतरतो, कारण धमनीच्या स्नायूवरही अल्फा-२ रिसेप्टर असतात आणि ते चेतवले गेले की आकुंचनच घडते. मेंदूवरचा परिणाम त्यानंतर वरचढ ठरतो. झापड येणे हाही त्याच मेंदूवरील परिणामाचा भाग आहे, आणि तोंडाला पडणारी कोरड बऱ्याच अंशी त्यातलीच.

धोकेही याच फरकातून येतात. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर उभे राहताच रक्तदाब एकदम घसरून भोवळ येऊ शकते, कारण उभे राहताना धमन्या आणि शिरा आवळून घेण्याची जी प्रतिक्षिप्त क्रिया आपल्याला सावरते, तीच निष्प्रभ झालेली असते. म्हणूनच पहिली मात्रा लहान आणि झोपताना दिली जाते. क्लोनिडिनमध्ये भीती असते ती शेवटच्या मात्रेनंतरची: ते अचानक थांबवले तर दाबून ठेवलेला संकेतांचा ओघ उसळतो आणि रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतो. रुग्ण सोबत बीटा ब्लॉकर, म्हणजे बीटा रिसेप्टर अडवणारे औषधही घेत असेल तर ही उसळी अधिक तीव्र होते, कारण काही रक्तवाहिन्या सैल ठेवणारे बीटा रिसेप्टर बंद असताना अल्फा रिसेप्टरमुळे होणाऱ्या आकुंचनाला तोल उरत नाही. त्यामुळे डॉक्टर आधी बीटा ब्लॉकर थांबवतात आणि क्लोनिडिनची मात्रा त्यानंतर टप्प्याटप्प्याने उतरवतात.