वाहक परवान्यासाठी लागणारे प्रथमोपचार प्रमाणपत्र : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

एस.टी.मध्ये किंवा शहर बससेवेत वाहक म्हणून काम करू इच्छिणाऱ्या उमेदवाराला आरटीओत जी कागदपत्रे द्यावी लागतात, त्यांतला एक कागद नुसता अर्ज करून मिळत नाही. त्यासाठी वर्गात बसावे लागते, गुडघे टेकून सराव करावा लागतो आणि परीक्षाही द्यावी लागते. हा कागद म्हणजे प्रथमोपचार प्रशिक्षणाचे वैध प्रमाणपत्र. भरतीची जाहिरात निघाल्यावर उमेदवारांची परवाना आणि वाहकाच्या बिल्ल्यासाठी धावपळ सुरू होते आणि बहुतेकांना हे प्रमाणपत्र सर्वांत शेवटी आठवते. खरे तर तयारीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी, कारण बाकीचे कागद दोन-चार दिवसांत जमतात, पण प्रशिक्षणाची पुढची तुकडी केव्हा भरेल हे आपल्या हातात नसते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २९ नुसार परवान्याशिवाय कोणालाही प्रवासी बसवर वाहक म्हणून काम करता येत नाही. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय हा परवाना मिळत नाही. शैक्षणिक पात्रता ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाकडे आहे आणि महाराष्ट्रात त्यासाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते. प्रथमोपचाराची अट यांच्या जोडीने येते, आणि ती केवळ कागदोपत्री नाही. घाटात गाडी कलंडली, प्रवाशाला फीट आली, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कळ उठली किंवा लहान मुलाच्या घशात शेंगदाणा अडकला, तर रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत त्या गाडीतल्या लोकांना हाताशी असलेला एकमेव प्रशिक्षित माणूस बहुधा वाहकच असतो.

प्रशिक्षण कोठे घ्यावे

या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले नाव म्हणजे सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स. ही संस्था मूळची इंग्लंडमधली, १८७७ सालची. भारतात तिची राज्य केंद्रे, जिल्हा केंद्रे आणि रेल्वेची स्वतंत्र केंद्रेही आहेत. भारतीय रेडक्रॉस सोसायटीही प्रथमोपचाराचे वर्ग घेते. तिच्या महाराष्ट्र शाखेचे कार्यालय मुंबईत फोर्टमधील टाऊन हॉलच्या आवारात आहे, आणि जिल्हा शाखेचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. आपल्या जिल्ह्यात वर्ग कोठे भरतात याची चौकशी म्हणूनच जिल्हाधिकारी कार्यालयातही करता येते. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्ग सहसा पुरेसे उमेदवार जमले की भरवला जातो, त्यामुळे नाव आधी नोंदवून ठेवावे आणि पुढच्या तुकडीची तारीख विचारून घ्यावी.

नाव नोंदवण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. आपण ज्या आरटीओत अर्ज करणार आहोत, तेथे जाऊन कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते हे विचारावे. ‘शासनमान्य’ असे फलकावर लिहिणाऱ्या शिकवण्या आता गावोगावी दिसतात आणि काही ठिकाणी तर दोन तासांची ध्वनिचित्रफीत पाहिली की प्रमाणपत्र हातात पडते. त्यांत सगळेच खोटे असतात असे मला म्हणायचे नाही. पण कार्यालयाने कागद नाकारला, तर पैसे आणि भरतीची मुदत दोन्ही हातची जातात. त्याहून मोठे नुकसान असे की, ज्याने सरावाच्या पुतळ्याला एकदाही हात लावलेला नाही तो प्रत्यक्ष प्रसंगी जागचा हलत नाही.

डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयातील कर्मचारी बेसिक लाइफ सपोर्ट म्हणजे बीएलएस हा अभ्यासक्रम करतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बीएलएस कार्डाची मुदत दोन वर्षे असते. तो उत्तम आहे, पण त्याचा भर हृदयक्रिया आणि श्वास यांवर असतो. वाहकाच्या प्रमाणपत्रामागचा अभ्यास अधिक पसरट असून त्यात रक्तस्राव, अस्थिभंग, भाजणे, बुडणे, सर्पदंश, विषबाधा, फीट आणि रुग्णाला सुरक्षितपणे हलवणे हे सारे येते. एकाच्या जागी दुसरे चालेल असे गृहीत धरू नये.

वर्गात काय होते

अभ्यासक्रम साधारण एक ते दोन दिवसांचा असतो. काही केंद्रांत तो रोज थोडे तास असा विभागून घेतात. व्याख्यान असते, पण खरे शिक्षण जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीवर होते. पुतळ्याशेजारी गुडघे टेकायचे, त्याच्या खांद्यावर थोपटून मोठ्याने हाक मारायची, दहा सेकंदांच्या आत श्वास चालू आहे का ते पाहायचे, आणि नसेल तर जवळच्या माणसाला बोट दाखवून १०८ ला फोन करायला सांगून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे ठेवून दाब द्यायला लागायचे. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली पाच ते सहा सेंटिमीटर, तीस दाबांनंतर दोन श्वास. कागदावर हे सोपे वाटते. पुतळ्यावर मात्र पहिल्या खेपेला जवळजवळ प्रत्येकाचा दाब कमी पडतो. पुरेशा खोलीवर हात गेला की काही पुतळ्यांतून ‘टक’ असा आवाज येतो. तो पहिल्यांदा ऐकू येईपर्यंत कोपर वाकलेले असतात आणि कपाळावर घाम असतो. कोपर ताठ ठेवून खांद्यांचे वजन खाली सोडायचे, हे कोणी कितीही सांगितले तरी त्या आवाजानंतरच अंगवळणी पडते.

तसेच त्रिकोणी पट्टीचे. साधारण एक मीटर चौरस कापड कर्णावर कापले की दोन पट्ट्या होतात. तिच्यातून हाताची झोळी करता येते, डोके बांधता येते, मोडलेल्या पायाला कामट्या लावून आवळता येतात. गाठ मात्र रीफ गाठच हवी : उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर. ही गाठ चपटी बसते, रुतत नाही, सरकत नाही आणि सोडवायलाही सोपी असते. दोन्ही वेळा एकाच बाजूने टोक घेतले तर गाठ सुटते, आणि परीक्षक नेमके तेच पाहतात.

शेवटी तोंडी किंवा लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिक होते. वर्ग कोणत्या भाषेत चालतो आणि परीक्षा मराठीत देता येते का, हे नावनोंदणीच्या वेळीच विचारावे. समजत नसलेल्या भाषेत पाठ केलेले उत्तर प्रसंगी कामाला येत नाही.

नावनोंदणीची कागदपत्रे

ती मोजकीच असतात : केंद्राचा अर्ज, आधार किंवा तत्सम ओळखपत्र, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे आणि शुल्क. शुल्क केंद्रानुसार बदलते. पावती न घेता पैसे देऊ नयेत. गुडघ्यांवर बसता येईल असे सैल कपडे घालून जावे. गरोदरपण, पाठदुखी किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर प्रशिक्षकांना आधी सांगावे, म्हणजे प्रात्यक्षिक कसे घ्यायचे ते ठरवता येते.

नाव कसे लिहायचे याकडे विशेष लक्ष द्यावे. माझ्या भाच्याने अर्जात घाईने घरगुती पद्धतीने नाव लिहिले. दहावीच्या गुणपत्रिकेवर मधले नाव पूर्ण होते आणि प्रमाणपत्रावर नुसते आद्याक्षर आले. परवान्याच्या अर्जाच्या वेळी तफावत लक्षात आली आणि दुरुस्तीसाठी त्याला केंद्रात तीन खेपा घालाव्या लागल्या. तोवर त्या वर्षीच्या अर्जाची मुदत टळली होती. चूक त्याची होती, पण अर्ज घेणाऱ्याने गुणपत्रिका एकदा पाहिली असती तर ती तिथेच सुधारली असती. म्हणून अर्ज भरताना दहावीची गुणपत्रिका समोर ठेवावी, आणि प्रमाणपत्र हातात आल्यावर जागेवरून उठण्यापूर्वी नाव, जन्मतारीख असल्यास ती, प्रमाणपत्र क्रमांक, दिनांक आणि सही-शिक्का तपासावा.

आरटीओतील अर्ज

परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर वाहक परवान्यासाठी वेगळा विभाग आहे. अर्जासोबत वय आणि पत्ता यांचे पुरावे, दहावीची गुणपत्रिका, प्रथमोपचार प्रमाणपत्र, अलीकडची छायाचित्रे आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायिकाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. अधिनियमानुसार वाहक परवान्याचे शुल्क वाहनचालकाच्या परवान्याच्या निम्मे असते. मूळ कागद पडताळणीसाठी सोबत न्यावेत आणि छायाप्रती स्वतः साक्षांकित कराव्यात. क्रम असा ठेवल्यास खेपा वाचतात : आधी प्रथमोपचार, मग वैद्यकीय प्रमाणपत्र, मग अर्ज. वैद्यकीय प्रमाणपत्र फार आधी काढून ठेवू नये, कारण ते ताजे असावे अशी अपेक्षा असते.

वाहक नसलेल्यांसाठी

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४५ ने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारा, राज्य शासनाने मान्य केलेले प्रमाणपत्र असलेला माणूस कामाच्या सर्व वेळात हजर असण्याची पद्धत घालून दिली. त्यामुळे औद्योगिक वसाहतीतील कंपन्या पुष्कळदा प्रशिक्षकांना आपल्याच आवारात बोलावतात. ज्यांना कागद नको आहे, फक्त कोसळलेल्या माणसाला हात द्यायचा आहे, त्यांच्यासाठी केवळ छातीवर दाब देण्याचा ‘कोल्स’ हा छोटा सराव आहे. भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने तो देशभर शिकवला जातो.

मदत केली तर पोलिसांच्या फेऱ्यात अडकू, ही भीती अजून लोकांच्या मनात आहे, वाहकांच्याही. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १३४-अ नुसार अपघातग्रस्ताला सद्हेतूने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर, मदत करताना हातून काही राहिले तरी, दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्यासाठी प्रमाणपत्राचीही अट नाही. प्रशिक्षणवर्गात हे कलम वाचून दाखवावे असा मी प्रत्येक प्रशिक्षकाला आग्रह करतो.

नूतनीकरण

सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सच्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे असते. मुदत संपली की कागद निरुपयोगी होतो आणि सराव तर त्याआधीच विसरलेला असतो. रीफ गाठ सहा महिन्यांत चुकते, दाबाचा वेग त्याहून लवकर. पुन्हा परीक्षा देणाऱ्यांना पुढच्या टप्प्यांवर ‘व्हाउचर’ हा दाखला आणि ‘मेडॅलियन’ हे पदक मिळते, आणि जुन्या वाहकांच्या घरी ते मेडॅलियन जपून ठेवलेले मी पाहिले आहे. नव्या वर्गाला जाताना जुने प्रमाणपत्र सोबत न्यावे, मुदतीच्या किमान दोन महिने आधी नाव नोंदवावे आणि संपण्याची तारीख बिल्ला ठेवतो त्या पाकिटावरच लिहून ठेवावी.