धडकी भरवणारे मुष्टियोद्धे

ठोशाच्या ताकदीमुळे किंवा लढण्याच्या पद्धतीमुळे ज्यांच्यासमोर उभे राहायला भले भले कचरतात, अशा बॉक्सरांचा हा वर्ग. कोणत्याही संघटनेच्या नियमावलीत तो सापडणार नाही, पण बॉक्सिंगच्या दुनियेत त्याची नावे सगळ्यांना तोंडपाठ असतात. नुसते नॉकआउट मोजून मात्र तो ठरत नाही. समोरच्याला त्याचा स्वतःचा खेळ विसरायला लावतो, तो खरा धडकी भरवणारा बॉक्सर.

ताकद दंडात असते हा समज चुकीचा आहे. जोरदार ठोसा मागच्या पायाच्या चवड्यापासून सुरू होतो, कमरेच्या वळणातून खांद्यात येतो आणि मुठीवाटे बाहेर पडतो. हनुवटीवर बसलेला ठोसा डोके झटक्यात फिरवतो, मेंदूला हिसका बसतो आणि माणूस शुद्ध हरपतो. त्यामुळेच बाजूने येणारा, नजरेला न दिसलेला हुक समोरून येणाऱ्या सरळ ठोशापेक्षा घातक ठरतो. याच्या जोडीला लागते ती रिंग तोडण्याची कला. पळणाऱ्याच्या मागे धावायचे नाही, तो जिकडे निघाला आहे तिकडे आडवे पाऊल टाकून वाट अडवायची आणि त्याला कोपऱ्यात आणायचे. हे जमत नसेल तर कितीही ताकद असली तरी ठोसे हवेत जातात.

सॉनी लिस्टनइतकी दहशत हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटात क्वचितच कुणाची असेल. आर्कान्सामधल्या गरीब शेतमजूर कुटुंबात त्याचा जन्म झाला. दरोड्याच्या गुन्ह्यात मिझुरीच्या तुरुंगात गेला, तिथेच बॉक्सिंग शिकला आणि १९५३ मध्ये व्यावसायिक झाला. पुढच्याच वर्षी मार्टी मार्शलने त्याचा जबडा मोडला. त्या अवस्थेतही लिस्टनने आठही फेऱ्या पुऱ्या केल्या. लढत हरला, पण रिंग सोडली नाही. उंची सहा फुटांच्या जरा वर आणि हातांचा पल्ला तब्बल ८४ इंच. त्याचा डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, इतरांच्या उजव्या ठोशासारखा लागायचा. बहुतेक बॉक्सर जॅबने अंतर मोजतात, लिस्टन जॅबनेच माणूस हादरवायचा. लढतीआधी पंच सूचना देत असताना तो प्रतिस्पर्ध्याकडे पापणी न लवता बघत राही. अंगावरच्या झग्याखाली टॉवेल घालून तो आपला देह आणखी मोठा दाखवत असे.

त्यावेळचा जगज्जेता फ्लॉइड पॅटरसन याचे व्यवस्थापक कस डिआमाटो लिस्टनशी लढत नको म्हणून अडून बसले होते. लिस्टनच्या मागे गुन्हेगारी टोळ्यांचा पैसा आहे, हे त्यांनी दिलेले कारण खरेच होते. पण लिस्टन नको असायला त्याच्या मुठी हेही कारण पुरेसे होते. शेवटी पॅटरसननेच लढत मान्य केली. २५ सप्टेंबर १९६२ रोजी शिकागोत दोघे समोरासमोर आले तेव्हा लिस्टनचे वजन ९७ किलो होते, पॅटरसनचे ८६. पॅटरसनची सारी भिस्त चपळाईवर, दुरून झेप घेऊन मारण्यावर. त्या रात्री तो लिस्टनला बिलगून उभा राहिला, म्हणजे नेमके जिथे जायचे नाही तिथे गेला. दोन मिनिटे सहा सेकंदांत खेळ आटोपला. पॅटरसनने खोटी दाढी आधीच आणून ठेवली होती. ती लावून तो लोकांना चुकवत स्टेडियमबाहेर पडला. मला त्या लढतीतल्या कोणत्याही ठोशापेक्षा ही दाढी जास्त बोलकी वाटते. जगज्जेता हरण्याची तयारी करून आला होता. पुढच्या वर्षी लास व्हेगासमध्ये झालेली परतीची लढतही पहिल्याच फेरीत संपली.

लिस्टनची जादू उतरवली ती २२ वर्षांच्या कॅशियस क्लेने, म्हणजे पुढच्या मुहम्मद अलीने. फेब्रुवारी १९६४ मध्ये मायामी बीचला क्ले गोल फिरत राहिला, जॅब मारत राहिला, लिस्टनचा जॅब हुकवत राहिला. सहा फेऱ्यांनंतर लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. खांदा दुखावल्याचे त्याच्या बाजूने सांगण्यात आले. क्लेला भीती वाटली नव्हती असे नाही. त्याने स्वतःचा खेळ सोडला नाही, एवढेच.

लिस्टनबरोबर सराव करून घडलेला जॉर्ज फोरमन हा त्याचा खरा वारस. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकून तो व्यावसायिक झाला आणि लिस्टनचीच ती गंभीर, अबोल मुद्रा त्याने उचलली. जानेवारी १९७३ मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला त्याच्यासमोर होता अपराजित जगज्जेता जो फ्रेझर, ज्याने दोन वर्षांपूर्वी अलीला हरवले होते. फ्रेझर खाली वाकून, डुलत डुलत आत शिरायचा आणि डावा हुक मारायचा. फोरमनने दोन्ही तळहातांनी त्याला खांद्यापाशी मागे ढकलले, हवे तेवढे अंतर मिळवले आणि वर येणाऱ्या डोक्यावर अपरकट, म्हणजे खालून वर जाणारे ठोसे चढवले. दोन फेऱ्यांत फ्रेझर सहा वेळा खाली पडला. एका ठोशाने तर त्याचे पाय जमिनीवरून उचलले गेले. पुढच्या वर्षी काराकासमध्ये केन नॉर्टनचाही निकाल दुसऱ्याच फेरीत लागला.

म्हणून ३० ऑक्टोबर १९७४ ला आफ्रिकेतल्या किन्शासात अली त्याच्यासमोर उभा राहिला तेव्हा अलीच्या जिवाची काळजी करणारे पुष्कळ होते. फोरमन ४० पैकी ४० लढती जिंकलेला, त्यातल्या ३७ नॉकआउटने. अली दोरांना टेकला, हातांची ढाल केली आणि ठोसे दंडांवर, कोपरांवर घेत राहिला. लवकर जिंकण्याची सवय झालेल्या फोरमनला पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत ठोसे मारून मारूनच थकवा आला आणि आठव्या फेरीत तो खाली पडून हरला. याच फोरमनने १९९४ मध्ये, ४५ व्या वर्षी, मायकेल मूररला दहाव्या फेरीत एका उजव्या ठोशाने झोपवून पुन्हा जागतिक किताब मिळवला. पाय केव्हाच मंद झाले होते, ठोसा मात्र शाबूत होता.

माइक टायसन हा त्याच डिआमाटोंचा शेवटचा शिष्य, ज्यांना पॅटरसनला लिस्टनपासून दूर ठेवायचे होते. दोन्ही मुठी गालांशी ठेवून, डोके सतत हलवत आत घुसायचे, ही त्यांची पद्धत पॅटरसनने वापरली आणि टायसनने तिचे हत्यार केले. हेवीवेटसाठी पाच फूट दहा इंच ही उंची कमीच. त्याने तिचाच फायदा करून घेतला. खालून निघालेला त्याचा ठोसा उंच माणसाला दिसायच्या आत पोचे. २२ नोव्हेंबर १९८६ रोजी ट्रेव्हर बर्बिकला हरवून तो २० व्या वर्षी सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेता झाला. झगा नाही, मोजे नाहीत, काळी चड्डी आणि काळे बूट एवढ्यावर तो रिंगमध्ये येई. जून १९८८ मध्ये अपराजित मायकेल स्पिंक्स त्याच्यापुढे ९१ सेकंद टिकला. तिरक्या हालचालींसाठी ओळखला जाणारा स्पिंक्स त्या दिवशी दोर सोडून मोकळा होऊच शकला नाही. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसला कुणी खिजगणतीत धरले नव्हते, आणि त्याची आई नुकतीच वारली होती. त्याने जॅब मारत टायसनला दूर ठेवले, आठव्या फेरीत पडूनही तो उठला आणि दहाव्या फेरीत त्याने टायसनला खाली पाडून हरवले.

निव्वळ ठोशाच्या वजनाचा विचार केला तर अर्नी शेव्हर्सचे नाव आधी घ्यावे लागेल. त्याच्या ७४ विजयांपैकी ६८ नॉकआउटने आले. १९७७ मध्ये अलीला त्याने पंधरा फेऱ्या झुंजवले, १९७९ मध्ये जगज्जेत्या लॅरी होम्सला सातव्या फेरीत आडवे केले. होम्स उठला आणि जिंकला. शेव्हर्सकडे दम आणि रिंग तोडण्याची कला कमी पडली, म्हणून जागतिक किताब त्याला कधीच मिळाला नाही.

हलक्या वजनात पनामाचा रॉबेर्तो दुरान. जून १९८० मध्ये माँट्रिअलला त्याने शुगर रे लेनर्डला आधी शब्दांनी डिवचले, मग छातीला छाती भिडवली. नाचऱ्या पायांचा लेनर्ड रागाच्या भरात एका जागी उभा राहून मारामारी करू लागला आणि गुणांवर हरला. पाच महिन्यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये लेनर्डने आपले पाय परत वापरले. आठव्या फेरीत दुरानने पाठ फिरवून लढत सोडली. तीच दोन माणसे, वर्षही तेच.

ज्यांच्याशी कुणी लढलेच नाही, त्यांचा वर्ग वेगळा आणि त्यांच्यावरचा अन्याय मोठा. नोव्हा स्कोशियात जन्मलेला सॅम लँगफर्ड जेमतेम साडेपाच फुटांचा होता, पण हेवीवेटना पाडायचा. १९०६ मध्ये जॅक जॉन्सनने त्याला हरवले, पण जगज्जेता झाल्यावर त्याला किताबाची एकही संधी दिली नाही. पिट्सबर्गच्या चार्ली बर्लीचे तर जगभर नाव व्हायला हवे होते. त्याची धास्ती ताकदीपेक्षा कौशल्याची होती. शंभरच्या आसपास लढतींत त्याला कुणीही नॉकआउट केले नाही. फ्रिट्झी झिविकला त्याने दोनदा हरवले. वेल्टरवेट या मधल्या वजनगटाचा जगज्जेता झाला तो झिविक. बर्ली, होल्मन विल्यम्स, लॉइड मार्शल, एडी बुकर हे सारे कृष्णवर्णीय बॉक्सर एकमेकांशीच लढत राहिले, कारण किताब असणाऱ्यांना त्यांच्यात धोका जास्त आणि पैसा कमी दिसे. त्यात वर्णभेदाची भर होतीच.

१९४४ मध्ये हॉलिवूडला याच बर्लीने आर्ची मूरला वारंवार खाली पाडून दहा फेऱ्यांत हरवले होते. मूरलाही जागतिक किताबाच्या लढतीसाठी १९५२ पर्यंत थांबावे लागले. तो जिंकला, पुढे प्रशिक्षक झाला आणि किन्शासात फोरमनच्या कोपऱ्यात उभा होता. बर्लीला ती संधी कधीच मिळाली नाही. त्याने पिट्सबर्गच्या सफाई खात्यात नोकरी केली.