कार्बाइडातील बंधक धातू व संक्षारण

टंगस्टन कार्बाइडाचे बारीक कण कोबाल्ट, निकेल किंवा लोखंड यांपैकी एखाद्या धातूने सांधून जो पदार्थ मिळतो त्याला सिमेंटेड कार्बाइड किंवा कठीण धातू म्हणतात. सांधणाऱ्या धातूला बंधक असे नाव असून त्याचे प्रमाण वजनाने बहुधा ३ ते ३० टक्के असते. वर्कशॉपमध्ये हाच पदार्थ नुसता ‘कार्बाइड’ किंवा जुन्या व्यापारी नावावरून ‘विडिया’ म्हणून ओळखला जातो. संक्षारणात, म्हणजे द्रवांच्या रासायनिक क्रियेने पदार्थ खाल्ला जातो तेव्हा, प्रथम झिजतो तो बहुतेक वेळा बंधक. तो किती आहे यापेक्षा त्यात काय विरघळलेले आहे याला अधिक महत्त्व आहे.

बंधकाची कल्पना मूळची कोणाची, याविषयी पूर्ण एकमत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ यांनी १८९० च्या दशकात विद्युत् भट्टीत टंगस्टन कार्बाइड तयार केले. ते कठीण पण ठिसूळ होते. जर्मनीत १९१४ च्या सुमारास लोमान व फॉइग्टलेंडर यांनी बंधकाविनाच कार्बाइड सिंटर करून (भुकटी दाबून व तापवून घट्ट करून) पाहिले. ठिसूळपणा गेला नाही. पुढे विजेच्या दिव्यांतील टंगस्टनच्या तारा ओढण्यासाठी हिऱ्याच्या महागड्या डायांना (तार ओढण्याच्या साच्यांना) पर्याय शोधताना बर्लिनच्या ओसराम कंपनीशी संबंधित संशोधकांत दोन वाटा निघाल्या. बाउमहाउअर यांनी सच्छिद्र कार्बाइडात वितळलेला धातू मुरवला, तर कार्ल श्र्योटर यांनी दोन्ही भुकट्या एकत्र करून, दाबून सिंटर केल्या. श्र्योटर यांचे पेटंट १९२३ चे आहे. बाउमहाउअर यांचे काम त्याच सुमाराचे, कदाचित किंचित आधीचे असावे. तथापि आजची पद्धत श्र्योटर यांचीच असल्याने श्रेय त्यांना देण्याचा प्रघात रास्त वाटतो. क्रुप कंपनीने १९२६-२७ मध्ये हा पदार्थ ‘विडिया’ (जर्मनमध्ये ‘हिऱ्यासारखा’) या नावाने बाजारात आणला.

श्र्योटर यांच्या पेटंटात लोखंड, निकेल व कोबाल्ट या तिन्ही धातूंचा उल्लेख आहे. म्हणजे निकेल हा नंतर सुचलेला पर्याय नव्हे. कोबाल्ट पुढे आला तो कार्बाइडाचे कण उत्तम भिजवतो आणि ताकद अधिक देतो म्हणून. कापणारे हत्यार गंजण्याआधीच बोथट होते, त्यामुळे संक्षारणाचा विचार तेव्हा कोणी फारसा केला नाही. पंपांची सील, झडपा व नोझल यांसाठी कार्बाइड वापरले जाऊ लागले तेव्हा तो करावा लागला.

टंगस्टन कार्बाइड विद्युत्-रासायनिक दृष्ट्या बंधकापेक्षा उच्च, म्हणजे कमी क्रियाशील, आहे. त्यामुळे ओल्या पृष्ठभागावर जणू असंख्य सूक्ष्म विद्युत् घट तयार होतात. कण ऋणाग्र होतात, कोबाल्ट धनाग्र होऊन विरघळू लागतो. अम्लात बंधक निघून जातो आणि कणांचा पोकळ सांगाडा उरतो. वस्तूचे माप जवळजवळ तेवढेच राहते, पण असा थर ठिसूळ असतो आणि थोड्या घर्षणानेही कण सुटू लागतात. क्षारीय द्रवात उलटे घडते. कोबाल्टावर हायड्रॉक्साइडाचा थर बसून तो बराचसा तग धरतो आणि कार्बाइडच टंगस्टेटच्या रूपाने हळूहळू विरघळते. धातुचित्रणात (धातूची सूक्ष्म रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात) वापरला जाणारा मुराकामी द्रव (क्षारीय पोटॅशियम फेरिसायनाइड) याच गुणावर चालतो.

कोबाल्ट व निकेल यांचे मानक विद्युत् विभव (धातू किती सहज विरघळतो याचे माप) अनुक्रमे −०.२८ व −०.२५ व्होल्ट आहेत. एवढ्याशा फरकाने निकेलाचे श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही. खरा फरक पृष्ठभागावरील निष्क्रिय थराचा, म्हणजे धातूला झाकून वाचवणाऱ्या पातळ ऑक्साइड थराचा, आहे. निकेलावर तो अधिक सहज बनतो व टिकतो. कार्बाइडाच्या साध्या कोबाल्ट प्रती (ग्रेड) उदासीन द्रवापर्यंतच, म्हणजे पीएच ७ च्या आसपास, भरवशाच्या मानतात. निकेल व क्रोमियम असलेल्या काही प्रती पीएच २ ते ३ पर्यंत चालतात असे उत्पादकांची माहितीपत्रके सांगतात. हे आकडे दिशादर्शकच समजावेत, कारण तापमान, क्लोराइड आणि द्रवाचा वेग यांनी ते बदलतात. तीव्र हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिक अम्लात निकेलही टिकत नाही. शिवाय निकेल बंधकाची कठीणता व ताकद बहुधा थोडी कमी भरते.

बंधक कधीच शुद्ध धातू नसतो. सिंटरिंगच्या वेळी, साधारण १३५० ते १५०० अंश सेल्सिअसला, तो द्रवरूप होतो आणि टंगस्टन व कार्बन त्यात विरघळतात. किती टंगस्टन आत राहील हे कार्बन ठरवतो. शुद्ध टंगस्टन कार्बाइडात कार्बन वजनाने ६.१३ टक्के असतो. तो किंचित वाढला तर ग्रॅफाइट सुटते, जास्त घटला तर ईटा प्रावस्था हे टंगस्टन, बंधक धातू व कार्बन यांचे ठिसूळ संयुग तयार होते. या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्ट्यात कार्बन जितका कमी तितका बंधकात टंगस्टन जास्त आणि संक्षारणरोध चांगला, असे बहुतेक निष्कर्ष आहेत. विरघळलेल्या टंगस्टनमुळे बंधकाचे चुंबकत्व घटते, म्हणून कारखान्यात चुंबकीय मापनावरून त्याचा अंदाज घेतात. कारण मात्र वादाचे आहे. काहींच्या मते टंगस्टनमुळे कोबाल्टाची पृष्ठकेंद्रित घन रचना (अणूंची एक विशिष्ट मांडणी) टिकते व ती संथ विरघळते. इतरांच्या मते परिणाम थेट रासायनिक आहे. दोन्ही गोष्टी एकदमच घडत असल्याने त्या वेगळ्या करून मोजणे अवघड आहे.

कणांच्या आकारमानाबाबतचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. बारीक कणांची प्रत संक्षारणापुढे अधिक टिकते असे अनेकदा सांगितले जाते. पण कण वाढू नयेत म्हणून अशा प्रतींत बहुधा क्रोमियम कार्बाइड घातलेले असते, आणि त्यातील क्रोमियम बंधकात विरघळून निष्क्रिय थर बळकट करते. लाभाचे श्रेय बारीकपणाला देण्याआधी हे तपासलेले बरे. क्रोमियम विरघळण्याच्या मर्यादेपलीकडे गेले तर त्याचे वेगळे कार्बाइड बनते आणि चिवटपणा घसरतो.

प्रयोगशाळेतील विभव व विद्युत् प्रवाह यांच्या आलेखांत आणखी एक फसगत आहे. विभव वाढवत नेल्यावर प्रवाह एका पातळीवर स्थिरावतो आणि धातू निष्क्रिय झाला असे वाटते. प्रत्यक्षात बंधक विरघळतच असतो. पोकळ सांगाड्याच्या छिद्रांतून विरघळलेल्या पदार्थांचे विसरण (आत-बाहेर पसरणे) मंद झालेले असते, इतकेच. ह्यूमन व एक्सनर यांनी १९९० च्या दशकात या छद्म निष्क्रियतेचा विस्ताराने अभ्यास केला. केवळ अशा आलेखावरून प्रत निवडू नये.

वायरकट यंत्रावर (पाण्यात बुडवलेला धातू तारेतून सुटणाऱ्या विद्युत् ठिणग्यांनी कापणाऱ्या यंत्रावर) बंधकाच्या संक्षारणाचा अनुभव लगेच येतो. कोबाल्ट प्रतीचा पंच पाण्याच्या टाकीत रात्रभर राहिला तर कापलेल्या बाजूची चकाकी जाते; सूक्ष्मदर्शकाखाली कण उघडे पडलेले आणि त्यांच्या मध्ये खाचा दिसतात. असा पंच प्रेसवर चढवला की धार चुऱ्यासारखी झडू लागते. प्रत्यावर्ती (दिशा आलटूनपालटून बदलणारे) विद्युत् स्पंद देणारी नवी यंत्रे हा त्रास कमी करतात. ग्राइंडिंगच्या कूलंटमध्ये अमाइन असल्यासही कोबाल्ट विरघळतो. म्हणून त्यात बेंझोट्रायझोलसारखी संक्षारण रोखणारी रसायने घालतात. येथे हत्याराइतकीच कामगाराची काळजी घ्यावी लागते, कारण कठीण धातूच्या धुळीमुळे व फवाऱ्यामुळे फुप्फुसाचे विकार होतात.

लोखंड-निकेल बंधकांकडे १९७८ मध्ये झाईरच्या (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) कोबाल्टाच्या खाणी असलेल्या शाबा प्रांतातील लढाईनंतर कोबाल्टाचे भाव भडकले तेव्हा विशेष लक्ष गेले. त्यांच्यात कार्बनाचा सुरक्षित पट्टा आणखी अरुंद असतो. बंधक धातू जवळजवळ वगळलेल्या प्रतीही मिळतात. त्या संक्षारणापुढे उत्तम टिकतात, पण ठिसूळ असल्याने नोझल व सीलच्या कड्यांपलीकडे क्वचित जातात.