टूल-वर्णन (वनस्पती नोंदींसाठी)

वनस्पतिउद्यान, हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांचा संग्रह) किंवा रोपवाटिका यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या एआय एजंटला जी टूल, म्हणजे ठरावीक काम करून देणारे प्रोग्राम, दिलेली असतात, त्यांपैकी प्रत्येकाचे काम, वापराची वेळ, त्याला लागणारी माहिती आणि त्याच्याकडून मिळणारे उत्तर सांगणारा मजकूर. टूलच्या आतला प्रोग्राम एजंट चालवणाऱ्या एआय मॉडेलला दिसत नाही. त्याच्यासमोर टूलचे नाव, हे वर्णन आणि माहिती कोणत्या रूपात भरायची याचा आराखडा, एवढेच असते. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही (एआयला बाहेरच्या टूलशी जोडण्याच्या मानकात) टूलची ओळख याच गोष्टींवरून होते. त्यामुळे जुन्या कर्मचाऱ्याला सवयीने ठाऊक असलेले संकेत वर्णनात उतरले नाहीत, तर एजंटच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नसतात.

पहिली अडचण नावांची. ‘चाफा शोधा’ असे सांगितले तर सोनचाफा, खुरचाफा, हिरवा चाफा आणि नागचाफा यांतला कोणता, हे ठरत नाही. ही चारही झाडे वेगवेगळ्या कुळांतली आहेत. पांढरा कुडा (हॉलॅऱ्हिना प्युबेसेन्स) आणि काळा कुडा (राइटिया टिंक्टोरिया) यांच्यात तर औषधी वापरामुळे गफलत महागात पडते. ‘वनस्पती शोधते’ हे वर्णन येथे निरुपयोगी ठरते. उपयोगी वर्णन साधारण असे असते: ‘शास्त्रीय नाव किंवा दाखल क्रमांक यावरून नोंद शोधते. मराठी नाव दिल्यास जुळणाऱ्या सर्व जातींची यादी देते, एक निवडत नाही. यादीत एकाहून अधिक जाती असतील तर वापरणाऱ्याला विचारा.’ यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे.

शास्त्रीय नावेही बदलतात. २००५ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेनंतर अकेशिया हे प्रजातिनाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातील जातींकडे राहिले. आपली बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका झाली आणि खैर सेनेगालिया कटेचू. जुन्या हर्बेरियममधील नमुन्यांवर मात्र पूर्वीचीच नावे आहेत. तेथे दुरुस्ती करताना मूळ चिठ्ठी काढत नाहीत. नवे नाव, ते ठरवणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहिलेली दुसरी चिठ्ठी शेजारी डकवतात. कोणी, कधी, काय मानले याचा माग त्यामुळे राहतो. ‘नाव अद्ययावत करते’ एवढेच वर्णन असलेले टूल एजंटला जुने नाव पुसण्याचे काम वाटू शकते. ‘नवी नामनिश्चिती जोडते, आधीच्या नामनिश्चिती तशाच राहतात’ असे लिहिले की गैरसमजाला जागा उरत नाही. अर्थात टूलचा प्रोग्रामही तसाच वागायला हवा. खोटे वर्णन हे अपुऱ्या वर्णनापेक्षा घातक.

मेलेल्या झाडाचेही असेच. उद्यानातले झाड वाळले तरी त्याची नोंद काढून टाकत नाहीत. स्थिती ‘मृत’ करून तारीख आणि कळले तर कारण लिहितात. ‘नोंद काढा’ आणि ‘स्थिती बदला’ ही दोन टूल शेजारी असतील, तर पहिल्याच्या वर्णनात स्पष्ट लिहावे लागते: ‘फक्त चुकून दोनदा झालेल्या नोंदीसाठी. झाड मेले, चोरीला गेले किंवा हलवले असल्यास वापरू नका, स्थिती बदला.’ टूल कशासाठी नाही हे लिहायला बहुतेक जण विसरतात.

दाखल क्रमांकाचा अर्थही सांगावा लागतो. एका वेळी एका ठिकाणाहून आलेल्या एकाच जातीच्या रोपांना मिळून तो एकच असतो आणि त्यातल्या प्रत्येक झाडाला पुढे अक्षर जोडतात: २०१९-०१४७ अ, ब, क. हे न सांगितल्यास एक झाड मेल्यावर पूर्ण गट मृत ठरू शकतो.

रकान्यांच्या वर्णनांत तारीख आणि ठिकाण जपावे लागते. जैवविविधता नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या डार्विन कोअर या मानकात वर्ष-महिना-दिवस हा क्रम सुचवला आहे. चिठ्ठीवर ‘५/७/६२’ असेल तर ५ जुलै की ७ मे, आणि शतक कोणते, हे एजंटने ठरवायचे नाही. मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवायला वेगळा रकाना असतो. चिठ्ठीवर नुसते ‘खंडाळा’ असेल तर अक्षांश-रेखांश रिकामे ठेवावेत, असे वर्णनातच म्हणावे. नाहीतर एजंट गावाच्या मध्याचा बिंदू भरतो आणि घाटातल्या दरीत सापडलेले झाड नकाशावर बाजारपेठेत उगवते.