माय रात्रीच का पडते?

म्हातारं माणूस रात्री पडलं की गावात कारण एकच सांगतात: पाय घसरला. सारवलेल्या कोरड्या अंगणात घसरायला काय असतं, हे कोणी विचारत नाही. पुष्कळदा आधी तोल जातो, पाय नंतर. आणि त्याची सुरुवात बाजेवरून उठतानाच झालेली असते.

आपण उभे राहिलो की अर्धा ते एक लिटर रक्त पोटाकडे नि पायांकडे उतरतं. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत दाबाची खबर ठेवणारे चेतातंतू असतात. ते मेंदूला कळवतात, हृदय वेग घेतं, रक्तवाहिन्या आवळतात. पंचविशीत हे कळतही नाही. सत्तरीत ही सगळी व्यवस्था मंदावते. उभं राहिल्यावर 3 मिनिटांत वरचा बीपी 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर डॉक्टर त्याची दखल घेतात. मेंदूला रक्त कमी पडतंय, आणि माय तोवर उंबऱ्यापर्यंत पोचलेली.

त्यात आपला मे महिना. 45 अंशांत घामावाटे अंगातलं पाणी आटतं, आणि रात्री उठावं लागू नये म्हणून म्हातारी माणसं दिवसाही पाणी टाळतात. करायचं याच्या उलट: पाणी दिवसा भरपूर, दिवेलागणीनंतर बेतानं. (हृदयाच्या किंवा किडनीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर त्यांचंच ऐकावं.) बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्याही दाब उतरवतात. गोळ्या मनानं बंद करू नका. आरोग्य केंद्रात बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असा दोनदा मोजायला सांगा.

घरचा उपाय फुकटचा आहे. बाजेच्या काठावर मिनिटभर बसायचं, पाय टेकवून टाचा वरखाली करायच्या. पोटरीचे स्नायू शिरा पिळतात, रक्त वर चढतं. बाजेची दोरी ढिली असेल तर आवळून घ्या. खोलगट बाजेतून उठणं म्हणजे विहिरीतून वर येणं.

उरला अंधार. तोल तिघं सांभाळतात: डोळे, आतला कान आणि तळपाय. मधुमेहानं तळपाय बधिर झाले तरी दिवसा डोळे निभावून नेतात, रात्री तेही सुटतात. न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जातो, असं कोणी म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका.

आणखी एक गंमत, खरं तर गंमत नाहीच. झोपेत डोळा अंधाराला सरावलेला असतो. परसातल्या संडासातला पांढरा बल्ब तो सराव क्षणात मोडतो. तो पुन्हा पुरता यायला तरुणालाही 20 ते 30 मिनिटं लागतात, म्हाताऱ्याला जास्त. त्यामुळे जाताना दिसलेली पायरी परतताना दिसत नाही. पायरीच्या कडेला आणि उंबऱ्यावर चुन्याचा पट्टा ओढा. संडासात मंद पिवळा दिवा लावा. लाईन जाणारच, म्हणून उशाशी बॅटरी हवी. विंचवाकाट्यासाठीही ती लागतेच. पावसाळ्यात तर लघवीचं भांडं बाजेजवळच ठेवलेलं बरं. लाज वाटते, पण दोन-चार रात्रींत सवय होते.

वाटेवर गुडघ्याच्या उंचीवर झिरोचा दिवा लावला, तर आमच्याकडे पहिली हरकत मायचीच आली, "रातभर लाईट कायले जाळतं रे?" मग हिशेब करून दाखवला. अर्ध्या वॅटचा एलईडी रोज 10 तास जळला, तरी वर्षाचे 2 युनिटही होत नाहीत.