ऑनलाइन लिलावातील परताव्याचे वाद

संकेतस्थळावर बोली लावून घेतलेल्या वस्तूचे पैसे परत मिळावेत की नाही, यावरून खरेदीदार व विक्रेता यांच्यात होणारा तंटा आणि तो मिटविण्याच्या रीती. नेहमीच्या ऑनलाइन खरेदीपेक्षा हा तंटा किचकट असतो, कारण येथे भाव खरेदीदारानेच चढवलेला असतो आणि ‘बोली तुम्हीच लावलीत’ हे विक्रेत्याचे ठरलेले उत्तर असते.

‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘लैलांव’वरून आला, हे सामान्यतः मान्य आहे. त्यामागचे मूळ मात्र वादाचे आहे. जाहीर करणे, पुकारणे या अर्थाच्या अरबी ‘इलाम’शी त्याचा संबंध जोडला जातो व ते मत अधिक ग्राह्य वाटते. हिंदीतील ‘नीलाम’ त्याच शब्दाचे रूप. मराठीने मूळचा ‘ल’ राखला. साष्टी व ठाणे १७३७ पर्यंत, तर वसई १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होती, तेव्हा शब्द याच किनाऱ्याने आत आला असणे शक्य आहे. गोव्याचा दावाही तितकाच सबळ आहे. व्युत्पत्तीची ही चर्चा येथे अगदीच अप्रस्तुत नाही. लिलावाचा प्राण पुकाऱ्यात होता आणि ऑनलाइन लिलावात नेमका पुकाराच नाही.

बोली म्हणजे केवळ प्रस्ताव, हातोडा पडेपर्यंत ती मागे घेता येते, हे तत्त्व १७८९ च्या एका इंग्रजी खटल्यापासून रूढ आहे. भारतात ते १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम ६४ मध्ये आले. संकेतस्थळावर हातोड्याऐवजी उलटे धावणारे घड्याळ असते. घड्याळ शून्यावर येताच विक्री पुरी झाली असे एक मत. विक्रेत्याने होकार कळवल्यावरच ती पुरी होते असे दुसरे. कलमात ‘हातोडा पडून किंवा अन्य रूढ रीतीने’ अशी शब्दयोजना असल्याने पहिले मत मजकुराला जवळचे आहे, मात्र संकेतस्थळाच्या अटींत वेगळे काही म्हटले नसेल तरच.

विक्री पुरी झाली म्हणजे परताव्याचा हक्क संपला, ही समजूत चुकीची आहे. समजा, ठाण्याच्या नौपाड्यातील एका व्यावसायिक विक्रेत्याने जुनी लेन्स ‘काच स्वच्छ’ असे लिहून लिलावात ठेवली आणि ती खारघरच्या खरेदीदाराकडे गेली. मोबाइलचा टॉर्च मागून धरताच आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. ती बुरशी, कोकणच्या दमट हवेत बंद पेटीत राहिलेल्या लेन्सचा हा नेहमीचा रोग. फोटोत ती दिसत नाही. अशा वेळी वस्तू वर्णनाबरहुकूम असली पाहिजे ही त्याच अधिनियमाच्या कलम १५ ची अट मोडते. कलम ४१ नुसार तपासणीची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने माल स्वीकारला असे धरत नाहीत. त्याहून कमी ठाऊक असलेले कलम ४३: वेगळा करार नसेल, तर रास्तपणे नाकारलेला माल परत पोचविण्याचे बंधन खरेदीदारावर नाही, नकार कळवला की पुरे. व्यवहारात मात्र ‘आधी कुरिअर करा, मग पैसे’ असाच आग्रह धरला जातो. ‘जसे आहे, जेथे आहे’ ही बँकांच्या लिलाव-नोटिसांतली अटही विक्रेते सर्रास चिकटवतात. खोट्या वर्णनाला तिचे पांघरूण पुरत नाही.

लिलावातला खरेदीदार कायद्याने ‘ग्राहक’ ठरतो काय, हा खरा वादाचा मुद्दा. चंदीगड प्रशासन विरुद्ध अमरजित सिंग (२००९) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, तयार भूखंड जाहीर लिलावात घेणारा ग्राहक नाही, असे ठरवले. नवी मुंबईत सिडको हे शहर-विकास महामंडळ भूखंडांचे ई-लिलाव करते, तेथे हा युक्तिवाद पुढे येऊ शकतो. तो घरगुती वापराच्या जंगम वस्तूंपर्यंत ताणण्याचे कारण दिसत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात ऑनलाइन खरेदी स्पष्टपणे अंतर्भूत आहे. पुनर्विक्रीसाठी घेतलेली वस्तू मात्र बाहेर राहते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास वा पैसे परत देण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच व महिन्याभरात निवारण द्यायचे असते. पण घरातली एखादी जुनी वस्तू सहज विकणाऱ्या खाजगी व्यक्तीला हे नियम लागू नाहीत. अशा विक्रेत्याविरुद्ध १९३० चा अधिनियम आणि दिवाणी न्यायालय, एवढेच बहुधा उरते.

संकेतस्थळांनी स्वतःची यंत्रणाही उभारली. अमेरिकेत १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या प्रयोगात ईबे या लिलाव-संकेतस्थळावरील सुमारे २०० तंट्यांत ऑनलाइन मध्यस्थी झाली. भारतात २००० मध्ये सुरू झालेले बाझी डॉट कॉम २००४ मध्ये ईबेने घेतले. त्याच्या ‘पैसापे’ सोयीत वस्तू पोचेपर्यंत विक्रेत्याचे पैसे रोखून धरले जात, त्यामुळे वाद मिटवणे सोपे होते. ईबेचे ते भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. व्हॉट्सॲप गटांतल्या लिलावांत पैसे यूपीआयने थेट विक्रेत्याच्या खात्यात जातात; मध्ये थांबवणारे कोणी नसते.

तक्रार खरेदीदाराच्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. नवी मुंबईत येथे एक गफलत होते. बेलापूर, वाशी, ऐरोली ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे व पनवेल रायगड जिल्ह्यात मोडतात. म्हणून वरच्या उदाहरणातल्या खरेदीदाराला घराजवळच्या बेलापूरच्या कोकण भवनातला ठाणे जिल्ह्याचा आयोग नव्हे, तर अलिबागचा आयोग लागू होतो. विक्रेता नौपाड्याचा असल्याने तो ठाण्यातही तक्रार करू शकतो.